सांडलेला गोल

५ फेब्रुवारी

बंधुराज,

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं. पत्ता टाईप केलेला, मजकूर टाईप केलेला, सही तेवढी हाताची. आधी वाटलं, पाणीपट्टीवाल्यांनी काहीतरी पाठवलंय. सख्ख्या बहिणीला लिहिताना वर ‘विषय : चिरंजीवांच्या नोकरीबाबत’ असं लिहिणारा माणूस मी टेलिफोन खात्याच्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि तिथे नमुने काही कमी नव्हते.

तुझं म्हणणं कळलं. एक एप्रिलपासून तुझ्या पंपांच्या कारखान्यात त्याची जागा तयार आहे. त्याने मुकाट्याने यावं, नाही आला तर घराचा दरवाजा त्याला कायमचा बंद. आणि हे त्याला मी समजावून सांगावं. ‘तूच त्याला फूस लावलीस’ म्हणून जिच्यावर फोन आपटलास, तिनेच आता तुझी वकिली करायची. वा.

पण या एका बाबतीत आपलं एकमत आहे. सव्वीस वर्षांचा घोडा, हातात इंजिनिअरची पदवी, आणि सकाळी पार्सलच्या गोदामात खोकी उचलतो, ती कशासाठी, तर रविवारी चौथ्या श्रेणीच्या फुटबॉल संघात गोलात उभं राहायला. गावात तीन संघ आणि त्यांतला हा तळाचा. मी फूस लावली नव्हती. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि मी मागची खोली उघडून दिली. भाच्याला जिन्यात झोपू द्यायचं का? मैदान नेमकं माझ्या इमारतीच्या मागे आहे, हा माझा दोष नाही. इमारत आधीची आहे.

त्याचा खेळ मी आजवर पाहिलेला नाही. रविवारी गॅलरीचं दार लावून घेते. पण कानांना दार नसतं. आयुष्यभर ऑपरेटर म्हणून कानाला यंत्र लावून बसलेली बाई मी, आवाजावरून माणूस ओळखते. सामना चालू असताना ओरडतात ते मी समजू शकते. पण सामना संपला की हे लोक घरी जात नाहीत. बेकरीच्या मागच्या भिंतीपाशी जमतात. आधी कुजबुज, मग कोणीतरी एकटाच बराच वेळ बोलतो, मग दुसरा बोलतो, आणि मग एकदम पत्र्याचा ट्रे बडवायला लागतात. कधी बडवतात, कधी नुसतेच निघून जातात. जिंकण्याशी त्याचा काही संबंध लागत नाही. काल तर हरले होते आणि ट्रे जोरात वाजत होता.

तो घरी आल्यावर विचारलं, “हरलात ना?”

“हो.”

“मग एवढं कौतुक कसलं चाललं होतं?”

“आत्या, गोल बघायला हवा होतास.”

“कोणी केला?”

“त्यांनी.”

“कोणावर?”

“माझ्यावर,” म्हणाला, आणि अंडी उकडायला ठेवली.

आपल्याच पोरावर झालेल्या गोलाची हे लोक वरात काढतात. का, ते मला कळलं पाहिजे. तुझा निरोप त्यानंतर देईन. वहिनीला सांग, तो जेवतो.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

बंधुराज,

निरोप अजून दिलेला नाही. मध्ये एक प्रकार झाला.

काल दुपारी मी कपडे काढायला गॅलरीत गेले. कपडे सकाळीच काढले होते, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. आता उभीच आहे तर म्हटलं, बघावं दोन मिनिटं. आपला मुलगा आमच्या बाजूच्या गोलात होता. हिरवा सदरा, हातमोजे, आणि अखंड बडबड. घरात ज्याच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो, तो तिथे चार दांडगटांना हुकूम सोडत होता आणि ते ऐकत होते. लोक त्याला ‘कुलूप’ म्हणतात. आपल्या घराण्याचं नाव काय वाईट होतं?

दोन मिनिटं बघायची होती, शेवटपर्यंत बघितलं. समोरच्या संघात एक बुटका आहे, पेशाने न्हावी. त्याने कोपऱ्यावरून चेंडू असा मारला की तो सरळ जाता जाता वळला, आपल्या पोराच्या बोटांवरून गेला आणि आत पडला. पोरगा गवतावर आडवा. मी पाहिलं, त्याचा पाय सर्रकन घसरला होता. माळ्याने नको तेव्हा पाणी मारलेलं.

सामना संपला. भिंतीपाशी जमले. मी चपला घालून खाली गेले. नळापाशी एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. बाकावर एक निवृत्त बस कंडक्टर बसला होता, तो यांचा म्होरक्या. एक मुलगी हातवारे करून गोल सांगत होती. तिचं झाल्यावर नळावरच्या माणसाला बोलावलं, त्यानेही तोच गोल पहिल्यापासून सांगितला. कंडक्टरने मान डोलावली आणि बेकरीवालीने ट्रे बडवायला सुरुवात केली. त्या न्हाव्याला गरम पाव दिला. आणि तो चेंडू त्याच्या हातात नेऊन कोणी द्यावा? आपल्याच पोराने. हसत.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “लाज नाही वाटत? आपल्याच माणसाची फजिती साजरी करता? अहो, घसरला तो. पाय घसरला त्याचा, मी वरून पाहिलं. ओल्या गवतावर कोणीही गोल करील. त्यात पाव देण्यासारखं काय आहे?”

ट्रे थांबला. कंडक्टर उठून उभा राहिला. “बाई, घसरला हे नक्की पाहिलंत?”

“माझे डोळे शाबूत आहेत.”

“मग सांडलेला,” तो हळूच म्हणाला. बेकरीवालीने ट्रे खाली ठेवला. न्हाव्याने अर्धा खाल्लेला पाव बाकावर ठेवला आणि चेंडू आपल्या पोराला परत दिला. कोच इतका वेळ मागे हात बांधून उभा होता. तो पुढे आला, पोराच्या बुटांकडे पाहिलं आणि चालता झाला. पांगापांग झाली. आभार कोणीही मानले नाहीत.

जिना चढताना मी त्याला म्हटलं, “वाचवलं तुला.”

तो म्हणाला, “आत्या, बुडवलंस.”

एवढंच. जेवायला आला नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

बंधुराज,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी हस्ताक्षरात, म्हणजे आनंद झालेला दिसतो. ‘संघातून काढलं हे उत्तम झालं, आता आपसूक येईल,’ असं लिहिलंयस. काढलेलं नाही, बसवलंय. कोच म्हणाला, पायाखाली काय आहे हे ज्याला कळत नाही तो गोलात नको. गेल्या रविवारी दुसराच एक गोलात उभा होता आणि आपला मुलगा बाकावर, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी. पोराच्या नाकात पाणी गेलं की बाप काठावर उभा राहून टाळ्या वाजवतो, असं पहिल्यांदाच पाहते आहे.

काय झालं ते मी बेकरीवालीकडून समजून घेतलं. सकाळी पाव घ्यायला गेले. तिने पाव दिला, सुटे दिले, तोंड मात्र दुसरीकडे. मी म्हटलं, “बाई, मला कोणी सांगेल का, मी काय पाप केलं?”

तिने हातातलं पीठ झटकलं. “ताई, तुमच्या हेतूबद्दल कोणी काही म्हणत नाही. पण असं बघा. आमच्या संघाचे सामने टीव्हीवर नसतात. गोल झाला, संपला. परत दिसायचा नाही. म्हणून आम्ही तो सांगतो. एकाने गोलामागून पाहिलेला, एकाने बाजूने. पहिला सांगताना दुसऱ्याला नळापाशी उभं करतो, कानावर पडायला नको. दोघांचं जुळलं तर तो घडवलेला गोल. मग कोणाचाही असो, ट्रे वाजतो. नाही जुळलं, किंवा कोणाच्या चुकीने झाला, तर सांडलेला. त्याचं नाव काढायचं नाही.”

“पण आपल्याच माणसावर झालेला?”

“घडवलेला गोल असला तर गोलीला काही लागत नाही, ताई. उलट त्याचा मान असतो, की याला हरवायला एवढं करावं लागलं. म्हणून चेंडू तोच देतो. सांडलेला म्हटला की सगळं त्याच्या अंगावर. तुम्ही त्या न्हाव्याचा गोल काढून घेतलात आणि आमच्या कुलपाच्या गळ्यात चूक बांधलीत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला लॅटिन प्रार्थना शिकवल्या, काट्याने वाटाणे कसे खायचे ते शिकवलं, पण दोन डोळ्यांनी एक गोष्ट पाहिली की ती आपोआप खरी होत नाही, हे सांगायचं राहून गेलं.

घरी आल्यावर त्याला विचारलं, “घसरला नव्हतास?”

“घसरलो. उतरताना. चेंडू आत गेल्यावर.”

“मग तिथे तोंड का शिवलं होतंस?”

“स्वतःवरच्या गोलाबद्दल गोलीने बोलायचं नसतं. नियम आहे.”

“आणि बाहेरून आलेल्या आत्याने बोललेलं चालतं?”

“नियम करताना तू कोणाच्या लक्षात आली नव्हतीस,” तो म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा जरा हसल्यासारखा दिसला.

तेव्हा मी तुझा निरोप दिला. शब्दाला शब्द, दरवाजाच्या वाक्यासकट. ऐकून घेतलं. म्हणाला, “शेवटचा सामना चोवीस मार्चला आहे. कोचने त्यात उभं केलं तर जूनला, नव्या हंगामात, संघात ठेवणार, असं समजायचं. नाही केलं तर जातो बाबांकडे. पंप तर पंप.”

‘पंप तर पंप’ हे तो कसं म्हणाला, ते टाईप करून पाठवता येत नाही. तू जिंकायला आला आहेस, असं समजायला हरकत नाही. तुझं अभिनंदन करावं, असा विचार करत होते. मग केलं नाही.

ताई


१२ मार्च

बंधुराज,

तुला वाटत असेल, ताई का गप्प आहे. मी कामात आहे.

मी सराव बघायला जाते. उंटावरून शेळ्या हाकणं पुष्कळ झालं, म्हटलं जवळून बघू. कोच पहिल्या दिवशी म्हणाला, “मॅडम, तक्रार असेल तर लेखी द्या.” मी म्हटलं, “तक्रार नाही, शंका आहे. गोल बघताना बघायचं कुठे?” तो चक्रावला. म्हणाला, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक चेंडूकडे बघतात आणि म्हणूनच त्यांना काही दिसत नाही. मारणाऱ्याची कंबर बघा, म्हणाला, आणि गोलीचे पाय. चेंडू काय, शेवटी कुठे जायचा तिथे जातो.

तेव्हापासून मी कंबरा बघते आहे. या वयात. आईने पाहिलं असतं तर देवघरात कोंडलं असतं.

आणि काय सांगू, इतका रस मला टेलिफोन खात्यातल्या भानगडींतसुद्धा नव्हता. यांच्या संघात एक सुतार आहे, तो चेंडू आला की आधी त्यावरून पाय फिरवतो, रंधा मारल्यासारखा, आणि समोरचा खुळ्यासारखा बाजूला होतो. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, “कोणी नाही, काकू. कारखान्याच्या डब्याच्या सुट्टीत, बाटलीचं झाकण घेऊन.” पगार नाही, फोटो नाही, बघायला साठ माणसं. आणि डब्याच्या सुट्टीत झाकण. का करत असतील? तू इंजिनिअर आहेस, तुला काही सुचलं तर कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

न्हाव्याकडेही जाऊन आले. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान आहे. त्याला सांगितलं, “तुझा गोल चांगला होता. मी घाईने बोलले.” तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, “मला माहितीये ना, बाई. पण ट्रे वाजायला हवा होता.” गिऱ्हाईक बिचारं श्वास धरून बसलं होतं.

आपला मुलगा रोज सरावाला येतो, बाकीच्यांना चेंडू फेकून देतो. कोच अजून काही बोलत नाही. पोराची बॅग अर्धी भरलेली आहे, पलंगाखाली. केर काढताना दिसली.

ताई


२५ मार्च

बंधुराज,

काल शेवटचा सामना झाला. सविस्तर लिहिते. तू वगळून वाचशील म्हणून आधीच बजावते, वगळू नकोस.

कोचने त्याला उभं केलं. का, ते विचारू नकोस. संघ तसाही तळाला, गमावण्यासारखं काही नव्हतं. मी खाली जाणार होते, पण पोराने हात जोडले, “आत्या, वरूनच बघ.” म्हणून गॅलरीत उभी राहिले. उघडपणे. हातात कपडे नाहीत, काही नाही.

पहिल्या भागात त्याने तीन चेंडू अडवले. दुसऱ्या भागात तो आमच्या बाजूच्या गोलात आला. समोरच्या संघात एक लांबडा आहे, पोस्टमन. त्याला चेंडू मिळाला तेव्हा गोलाकडे त्याची पाठ होती. वळला. आपला मुलगा दोन खांबांच्या बरोबर मध्ये, टाचा उचललेल्या. पोस्टमनने दूरच्या खांबाकडे पाहिलं, कंबर तिकडे वळवली, पाय मागे नेला. आपला मुलगा त्या बाजूला एक पाऊल गेला. आणि पोस्टमनने पाय पुढे आणलाच नाही. क्षणभर तसाच अधांतरी ठेवला, मग बुटाच्या टोकाने चेंडू जवळच्या खांबाला चाटून आत ढकलला. लहान मूल दाराखालून पत्र सरकवतं तसा.

हरलो, एक-शून्य. मी खाली गेले.

गोलामागचा साक्षीदार एक शिंपी होता. त्याने काय सांगितलं ते मला मागाहून बेकरीवालीकडून कळलं; शेवटी खाली बघत म्हणाला, “कुलपाने जवळचा खांब सोडला. काय करणार, सोडला.” कोच भिंतीला टेकलेला, हात बांधलेले. आपला मुलगा चेंडू काखेत धरून उभा, तोंड बंद. नियम. बाजूचा साक्षीदार सूर्य डोळ्यावर होता म्हणाला, त्याला काही दिसलं नव्हतं.

कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं. मग नळाकडे. शिंप्याचं बोलणं चालू असताना मी नळापाशी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही पाहिलात?”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “आता या पुन्हा घसरवणार.” बेकरीवालीने त्याला कोपर मारलं.

मी सांगितला. पाठ, वळणं, कंबर, पाय. “आणि माझ्या भाच्याने जवळचा खांब सोडला,” मी म्हटलं. “एक पाऊल चुकला. मी वरून पाहिलं.”

पोराने डोळे मिटले. कोचने मान हलवली, म्हणजे झालं, या अर्थाने.

“माझं संपलेलं नाही,” मी म्हटलं. “तो पाऊल चुकला तेव्हा मीही गॅलरीत त्याच बाजूला झुकले. कठड्यावर कुंडी होती, ती माझ्या कोपराने खाली गेली. तिसऱ्या मजल्यावरून. जाऊन बघा, इमारतीच्या मागे माती पडली आहे. मी काही गोलात उभी नव्हते, मला कसली घाई नव्हती, आणि मी महिनाभर फक्त कंबरा बघते आहे. ज्या माणसाने मला तिसऱ्या मजल्यावर हलवलं, त्याने समोरच्याला हलवलं तर त्याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. तुमच्यातलं कोण झुकलं नाही, तेही एकदा सांगा.”

मग शिंपी म्हणाला, “मी झुकलो. शेजारच्याच्या पायावर पाय दिला.”

“माझ्याच,” शेजारचा म्हणाला.

बेकरीवाली म्हणाली, “मी तर पावांची टोपली तिकडे सरकवली, देवाशपथ.”

कंडक्टरने कोचकडे पाहिलं. कोचने बुटाने माती उकरली. मग म्हणाला, “मी ओरडलोसुद्धा. ‘लांब, लांब’ असं. माझंच ऐकून गेला असेल तो.”

“मग?” कंडक्टर म्हणाला.

“मग काय. घडवलेला.”

ट्रे असा वाजला की रस्त्यावरची कुत्री पळाली. आपला मुलगा गेला आणि त्या लांबड्याच्या हातात चेंडू दिला. पोस्टमन त्याला म्हणाला, “तू मध्ये होतास ना, म्हणून एवढं करावं लागलं. सरळ मारला असता तर तू धरला असतास.” दोघे शत्रू त्या एका पावाचे दोन तुकडे करून खात उभे राहिले. मी सगळ्यांत पुढे होते आणि टाळ्या वाजवत होते. माझ्या भाच्यावर झालेल्या गोलाला. लिहून ठेव, मी नाकबूल करणार नाही.

निघताना कोच त्याला एवढंच म्हणाला, “जूनला येताना बूट नवे आण.”

तेव्हा एक तारखेला तो येत नाही. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दे, एखाद्या गरजूला. दरवाजाचं तू काय करायचं ते कर, तुझा आहे.

आज सकाळी मी त्याला म्हटलं, बापाला दोन ओळी लिही. म्हणाला, “काय लिहू? ते म्हणणार, हरलास.” मी म्हटलं, “मग गोल लिही. भिंतीपाशी तुला बोलायची मनाई आहे, कागदावर कोण अडवतोय?” तो गोदामात गेला नाही. टेबलाशी बसला, कागद फाडले, पुन्हा बसला. मी आत गेले तर हाताने झाकून घेतलं.

सोबत जोडलेलं पाकीट ते आहे. त्याने चिकटवलं, मी वाचलेलं नाही. नोकरीत असताना लोकांच्या लाइनी जोडून द्यायच्या आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच काम मी केलं. आत काय आहे ते तू बघ. माझ्या सांगण्याशी जुळतं का, तेही बघ. आणि कळवायचं असेल ते त्याला कळव, मला नको.

ताई